गावठाणातल्या जुन्या घराचा भाव कसा काढावा?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, १२०० चौरस फूट जागा, कवेलूचं (कौलारू) घर. विकायचं आहे. दलालाच्या आकड्यावर भरवसा ठेवावा का?

उत्तर १: नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि आसपासच्या मिळकतीचा क्रमांक टाकून सूची २ (नोंदलेल्या खरेदीचा गोषवारा) काढा, दर चौरस फुटावर आणा. पण भाऊ, त्यात बरेचदा रेडी रेकनरइतकीच (मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेल्या दराइतकीच) रक्कम दाखवतात; खरा सौदा वर असतो.

उत्तर २: जून-जुलैत पैसा बी-खतात अडकलेला, गिऱ्हाईक पाडून मागते. कापूस-सोयाबीन विकू द्या, दिवाळीनंतर बोला.

उत्तर ३: कवेलूला भाव नाही राजेहो, जागेला आहे. गल्लीत ट्रॅक्टरची ट्रॉली वळते का, हे आधी पाहतात. आणि नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. वारसांची नावं चढली नसतील तर ठरलेला सौदाही खरेदीखताला अडतो.