मदत हवी आहे: झावळीचा क्रूस प्लायवर टिकत नाही

१८ बाय २४ इंची प्लायवर मिश्र माध्यमातलं चित्र करतेय. जेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा अस्तर-लेप), अ‍ॅक्रिलिक, बायबलमधल्या स्तोत्र २३ च्या मराठी पानाची झेरॉक्स आणि मधोमध झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) चर्चमध्ये मिळालेल्या झावळीचा क्रूस. कागद छान बसला (आधी इंकजेट प्रिंट लावली, शाई फुटली, तो धडा झाला). अडलंय झावळीपाशी. फेविकॉल लावून रात्रभर वजन ठेवलं, तरी पुण्याच्या पावसाळी हवेत टोकं उचलली आणि मागे बुरशीही धरली. झावळी आशीर्वादित आहे, म्हणून खिळा मारायचा नाही, बदलायचीही नाही. चित्रावर काच नको. कॅम्पातल्या आत्याकडे लागणार, तिला वासाचं वार्निश सोसत नाही. मग बुरशी पुसून, नीट वाळवून झावळीला आधी पाण्यातलं वार्निश लावू, की थेट जाड जेल मीडियममध्ये (अ‍ॅक्रिलिकचा वाळल्यावर पारदर्शक होणारा चिकट लेप) बसवू? आणि बारीक तांब्याच्या तारेने बांधली तर पुढे हिरवे डाग पडतील का?