पकडून सोडायचंच असेल तर खोलीची अट हवी
समुद्रात मासेमारीबंदीचं राखीव क्षेत्र प्रस्तावित आहे आणि त्यावरच्या हरकतींत ‘मासा पकडून सोडणाऱ्या गळवाल्यांना राखीव क्षेत्रातही मुभा द्या’ अशी मागणी होते आहे. ती मला पटते, पण खोलीची अट घालूनच. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे चौपट असतो. तिथून झटकन ओढलेल्या खडकाळ तळाच्या माशाचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुगतो, डोळे बाहेर येतात, जठर फुग्यासारखं तोंडात येतं (तो फुगा टोचू नका!) आणि सोडल्यावरही मासा उताणा तरंगत राहतो. त्याला वजन लावून खाली पोहोचवावं लागतं. उथळ पाण्यात हे नुकसान फारच कमी, आणि उलटा काटा नसलेल्या गळाने जखमही कमी होते. त्यामुळे हरकतीत नुसतं ‘बंदी नको’ लिहू नका. किनाऱ्यालगतचा कोणता पट्टा, किती खोलीपर्यंत, ते अक्षांश-रेखांशासह दाखवा. हद्दही सरळ रेषेत मागा, वळणावळणाची हद्द होडीतून कळतच नाही.