ओ पेअर येतेय पुढच्या महिन्यात, "घरचीच समज" म्हणायचं की नाही?

दोन_चिमण्यांची_आई
आमच्याकडे पुढच्या महिन्यात ओ पेअर (परदेशातून येऊन घरातच राहून मुलं सांभाळणारी मुलगी) येतेय, पहिल्यांदाच. वय २२, आमची भाषा तिला जेमतेम, तिची आम्हाला अजिबात नाही, मधे मोडकंतोडकं इंग्लिश. मुली ५ आणि २ वर्षांच्या. व्हिडिओ कॉलवर चारेकदा बोललोय, गोड आहे, पण प्रत्येक गोष्टीला हसून "हो" म्हणते, त्यामुळे तिला नक्की काय समजलंय तेच मला समजत नाही 😅 खोली तयार आहे, गादी नवीन आणलीय, फक्त मुलींचं जुनं कपाट अजून तिथेच आहे. नवरा म्हणतो एवढं टेन्शन कशाला, आली की घरचीच समज म्हणायचं, झालं. मला मात्र रात्री दोनला जाग येते आणि मी मनात याद्या करत बसते. पहिला आठवडा कसा काढायचा? मुलींनी तिला काय म्हणायचं, ताई की नावाने? आणि एक कबूल करते, हसू नका, धाकटी माझ्यापेक्षा तिला जास्त चिकटली तर काय, हाही विचार येतो.

तिसरी_खेप
आमच्याकडे आत्ताची तिसरी. पहिलीच्या वेळी मी पण हेच "घरचीच समज" म्हटलं होतं आणि वाटलं होतं केवढी मी मोठ्या मनाची. त्या वाक्याचा अर्थ तिला कसा कळणार हो? तिच्या घरी कदाचित पाहुण्याने विचारल्याशिवाय फ्रिज उघडत नाहीत, तुमच्याकडे उघडतात, आता "घरची" म्हणजे कुठल्या घरची? ती दोन आठवडे संध्याकाळी खोलीतून बाहेरच यायची नाही, मला वाटायचं हिला आम्ही आवडत नाही, तिला वाटायचं आमचा फॅमिली टाइम आहे, मधे कशाला जायचं. कळलं तेव्हा दोघी रडलो.
म्हणून आता बारीकसारीक सगळं बोलून दाखवते. फ्रिजमधलं काय कधीही घे, कुठला डबा मुलांच्या शाळेचा म्हणून हात लावू नको, बाथरूम सकाळी कोणाला किती वाजता लागतं, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण (हे करूनच दाखवा, माझे दोन स्वेटर बाहुलीच्या मापाचे झालेत), रात्री उशिरा आलीस तर मेसेज टाक. वाचताना वाटतं काय हे हॉस्टेलचे नियम, पण नवख्या माणसाला नियम माहीत असले की सुटसुटीत वाटतं, अंदाज बांधत राहणं जास्त दमवतं.
"हो" चं म्हणाल तर, हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्नच विचारू नका. "समजलं का?" ला जगात कुठेही हो च उत्तर येतं. त्याऐवजी "उद्या सकाळी आधी काय करशील, सांग बरं" असं विचारा, लगेच कळतं काय पोचलंय. हाकेचं तिलाच विचारा, आणि नाव तिच्या उच्चारात शिका, आमच्या पोरांनी आठवडाभर पाठ केलं होतं, विमानतळावर नाव नीट ऐकून तिचा चेहरा जो काय खुलला!

एकेकाळची_ओपेअर
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, मी स्वतः १४ महिने एका कुटुंबात ओ पेअर होते. पहिले काही दिवस मस्त जातात, सगळंच नवीन. मला तिसऱ्या चौथ्या आठवड्यात जोरात आपटल्यासारखं झालं, डोकं दिवसभर परक्या भाषेत चालवून रात्री इतकं दुखायचं की जेवतानाच्या गप्पा नकोशा व्हायच्या, आणि घरच्यांना वाटायचं ही रुसलीय. तेव्हा ती गप्प झाली तर लगेच "काय झालं काय झालं" करू नका, थोडं एकटं सोडा, पण जेवायला हाक मारायची मात्र सोडू नका.
दुसरं, दार. माझ्या खोलीत मुलं न विचारता यायची आणि सगळ्यांना ते गोडच वाटायचं. मुलांना आजपासूनच टकटक करायला शिकवा. सुट्टीच्या दिवशी मी घरातच असले तर ती सुट्टीच, हे मुलांना कोणीतरी सांगायला हवं होतं, मला स्वतःहून सांगायची लाज वाटायची. आणि घरात कॅमेरा असेल तर ती येण्याआधीच सांगा, मला तो तिसऱ्या महिन्यात दिसला, त्यानंतर त्या घरात मी मोकळी हसलेच नाही.
चांगलं काय लक्षात राहिलं? त्या बाईंनी मला माझ्या भाषेतलं एक अंगाईगीत मुलांना शिकवायला सांगितलं होतं. तोवर सगळं मीच त्यांचं शिकत होते.

नियमवाला
भावना वगैरे ठीक, पण कागदावर लिहून घ्या. ओ पेअर हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ बरोबरीच्या नात्याने, म्हणजे मोलकरीण नाही आणि पाहुणीही नाही, घोळ इथेच होतो. युरोपात १९६९ चा स्ट्रासबर्गचा करार आहे, त्यात काम साधारण दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी, भाषेच्या क्लासला वेळ आणि सगळं लेखी, असं तेव्हाच लिहून ठेवलंय. आज प्रत्येक देशाचं वेगळं, जर्मनीत आठवड्याला ३० तास, अमेरिकेत ४५ पर्यंत, तेव्हा तुमच्या देशाचा नियम बघा, दुसऱ्या देशातल्या मैत्रिणीचं ऐकून चालू नका. अमेरिकेचा एक नियम मात्र कुठेही पाळण्यासारखा आहे, पहिले ३ दिवस पालक किंवा जबाबदार मोठं माणूस घरात हवंच. २ वर्षांचं मूल आहे तर मी म्हणेन आठवडाभर रजा टाका. आणि "जरा एवढं करशील का" ने तास कसे वाढतात ते कळतही नाही, फ्रिजवर वेळापत्रक लावा.

दोन_चिमण्यांची_आई
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. कॅमेरा आहे आमच्याकडे, हॉलमध्ये, डोक्यातच नव्हतं आलं. सांगते. आणि धाकटीच्या चिकटण्याबद्दल कोणीच बोललं नाही 🙈

तिसरी_खेप
चिकटणार. न चिकटली तर काळजी करा. माझा धाकटा पडला की आधी तिच्याकडे पळायचा, मी स्वयंपाकघरात उभी राहून दात आवळायचे. एवढंच सांभाळा की तिच्यासमोर मुलाला ओढून घ्यायचं नाही आणि तिने एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं असेल तर तुम्ही मुलासमोर हो म्हणायचं नाही, पटलं नाही तर नंतर बोला. झोपवण्याचं काम मी माझ्याकडे ठेवलं होतं, तेवढं पुरलं मला. आणि जायचा दिवस मुलांना बराच आधी सांगा, कॅलेंडरवर दाखवा, अचानक गायब होणारी माणसं पोरं विसरत नाहीत.

दोन_चिमण्यांची_आई
अपडेट. काल कॉलवर कॅमेऱ्याचं सांगितलं, ती थोडी गप्प झाली, मग म्हणाली सांगितलंत ते बरं. मग कपाटाचं "चालेल ना" असं न विचारता "तुझ्या खोलीत काय ठेवू आणि काय काढू" असं विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाली ते मोठं कपाट नको, खिडकीजवळ टेबल हवं. पहिल्यांदा "नको" म्हणाली!! मी इतकी खूश की नवऱ्याला ऑफिसात फोन केला, तो म्हणाला ती नको म्हणाली म्हणून तू खूश? आता शनिवारी कपाट उचलायला तोच आहे.