नदी साफ करूनही पाणी काळंच, आता काय करावं?

प्रश्न:
आम्ही वीस-पंचवीस जण सहा महिने दर रविवारी नदीकाठचं प्लास्टिक उचलतोय. काठ स्वच्छ दिसतो, पण पाणी तसंच काळं आणि वासही तसाच. आता निम्मे लोक येईनासे झालेत. मोठा सांडपाणी प्रकल्प आमच्या आवाक्यातला नाही. लोकांनी मिळून करण्यासारखं, टिकणारं काही आहे का?

उत्तर १:
प्लास्टिक उचलणं सोडू नका. पण पाणी काळं होतं ते मैल्यामुळे. तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मग वास सुटतो. मीही पहिली दोन वर्षं काठावरच राबलो, त्याची हळहळ अजून वाटते. नाल्याच्या कडेनं वर चालत जा. सकाळी, घरोघरी पाणी वापरात असताना. कुठला पाइप कुठे सुटतो ते वहीत लिहा.

पंजाबातली काली बेईं नदी 160 किलोमीटर लांब. संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी 2000 साली तिथं कारसेवा सुरू केली. लोकांनी हातांनी जलपर्णी ओढून काढली, हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: गावांचं सांडपाणी नदीत सोडायचं थांबवून, निवळून शेतीला दिलं. ज्याला ते पाणी हवं असतं तो पाइपवर आपणहून लक्ष ठेवतो.

तुमच्याकडे पन्नास घरांचा एखादा नाला असेल तर आधी गाळ बसायला टाकी आणि पुढे खडीचा वाफा करा. त्यात पाणकणीस, कर्दळ लावा. खडीला आणि मुळांना चिकटलेले जिवाणू घाण खातात, वीज लागत नाही. उष्ण हवामानात माणशी एक ते तीन चौरस मीटर जागा धरा. मात्र टाकीतला गाळ कोण, किती दिवसांनी काढणार आणि वर्गणी कोण गोळा करणार, हे खोदायच्या आधी ठरवा. माझ्या डोळ्यांदेखत एक चांगला वाफा केवळ गाळानं तुंबून मेला.

उत्तर २:
वरचं सगळं घरगुती सांडपाण्यापुरतं. नाल्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर जड धातू वाफ्यात साचत जातात, नाहीसे होत नाहीत. असं पाणी शेताला अजिबात देऊ नका. वेळ, रंग, फोटो यांची नोंद ठेवा, नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि लेखी तक्रार करा.

उत्तर ३:
कराचीच्या ओरंगी वस्तीत 1980 पासून अख्तर हमीद खान यांच्या प्रकल्पात गल्लीतल्या घरांनी स्वतःच्या पैशानं गटारं बांधली. गल्ल्या स्वच्छ झाल्या, पण पाणी शेवटी नाल्यातच गेलं. मोठ्या वाहिन्या आणि शुद्धीकरण हे सरकारचं काम, असं त्यांनी ठरवलं होतं. तेव्हा तुम्हीही वाफ्याचा आराखडा आणि मुख्य वाहिनीची मागणी एकदमच पुढे करा.

प्रश्नकर्ता:
आज सकाळी तिघं नाल्यानं वर गेलो. अकरा पाइप मोजले. नऊ घरांचे, एक जनावरांच्या गोठ्याचा. अकराव्यातून कोमट, निळसर पाणी येत होतं. त्याचा नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा की प्लास्टिकच्या?