बंड्याच्या पायाची सूज: एक डॉक्टर इन्फेक्शन म्हणतात, एक कॅन्सर. मधले हे दिवस कसे काढायचे?

बंड्याची आई:

नमस्कार. बरंच लांबलचक होणार आहे, पण गेले १९ दिवस मनात जे साठलंय ते कुठेतरी सांगायलाच हवं नाहीतर डोकं फुटेल.

आमचा बंड्या लॅब्रॅडॉर आहे, नऊ वर्षांचा, वजन ३४ किलो. १९ दिवसांपूर्वी सकाळी उठला तो पुढचा डावा पाय उचलूनच. आम्हाला वाटलं झोपेत अवघडला असेल. संध्याकाळपर्यंत मनगटाच्या जरा वर सूज दिसायला लागली. डॉक्टरांनी मुरगळलंय म्हणून पाच दिवसांचं पेनकिलर दिलं, लंगडणं निम्म्यावर आलं आणि आम्ही निर्धास्त झालो. सूज मात्र तशीच. मग एक्स-रे काढला तर त्यात हाडाची कड एका जागी धूसर दिसतेय, पोखरल्यासारखी. ते म्हणाले हाडाचं इन्फेक्शन असू शकतं, कॅन्सरही असू शकतो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी फिल्म बराच वेळ उजेडात धरली आणि म्हणाले मला कॅन्सरसारखंच वाटतंय पण नुसत्या एक्स-रेवर मी तसं लिहून देणार नाही. सुई घालून पेशी तपासल्या त्यात नुसतं रक्त आलं, रिपोर्ट इनकन्क्लुझिव्ह. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स जराशा कमी, बाकी ठीक.

आता समोर दोन रस्ते आहेत. तीन आठवडे अँटिबायोटिक देऊन पुन्हा एक्स-रे काढायचा, नाहीतर लगेच भूल देऊन हाडाची बायोप्सी, म्हणजे हाडाचा छोटा तुकडा काढून तपासणी. नवऱ्याचं म्हणणं थांबू या, कशाला त्याला टोचाटोची. मला थांबवत नाहीये आणि बायोप्सीला हो म्हणायलाही जीभ रेटत नाही.

खरं सांगायचं तर रिपोर्टपेक्षा मला हे माहीत नसणंच खातंय. दिवसातून वीस वेळा त्याचा पाय हातात घेते, उजव्याशी ताडून बघते, सकाळी वाटतं कमी झाली, दुपारी वाटतं वाढली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाचत बसते. तो मात्र शेपूट हलवत बॉल घेऊन येतो, मग मला रडू येतं, मग तो बॉल टाकून माझं तोंड चाटायला येतो. मुलगा ११ वर्षांचा आहे, रोज विचारतो की बरा होणार ना आई, आणि मी हो म्हणते. हे हो म्हणणं बरोबर आहे का तेही कळत नाही.

कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा. काय केलंत, आणि हे दिवस कसे काढलेत.

रात्रपाळी:

ताई, आधी एक साधी गोष्ट करा. शिवणकामाची टेप घ्या, जिथे सूज सर्वात जास्त आहे तिथले थोडे केस कापून खूण करा आणि तीन दिवसांतून एकदाच, त्याच खुणेवर, त्याच वेळी घेर मोजून वहीत लिहा. मधे हात लावायचा नाही. आमच्या कुत्रीच्या वेळी मी अगदी हेच करायचो, दिवसभर चाचपायचो, तिला आधीच दुखत होतं आणि आपण दाबून दाबून अजून दुखवतोय हे माझ्या लक्षातच नव्हतं. हाताला सकाळ-संध्याकाळ वेगळं लागतं, टेपला लागत नाही. चालतानाचे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओपण काढून ठेवा, समोरून आणि बाजूने. दवाखान्यात गेल्यावर भीतीने ही पोरं सरळ चालतात आणि डॉक्टरांना लंगडणं दिसतच नाही.

आणि घरातलं माणसांचं कुठलंही पेनकिलर चुकूनही देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडनी बंद पाडतात, आणि पॅरासिटामॉलसुद्धा मनाने द्यायचं नाही. तुम्ही देणार नाही माहीत आहे, पण रात्री तो कण्हायला लागला की माणूस काहीही करतो म्हणून लिहिलं.

तीनपायी:

तुमचं वाचून सगळं परत आठवलं. माझं उत्तर ऐकायला सोपं नाहीये, पण खोटा दिलासा देणार नाही.

आमची रॉटवायलर आठ वर्षांची होती. अगदी हीच जागा, पुढचा पाय, मनगटाच्या वर. आम्हीही इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकवर थांबलो, सोबत पेनकिलर चालूच होतं, त्यामुळे ती बरी चालायला लागली आणि आम्हाला वाटलं औषध लागू पडतंय. पाच आठवडे असे गेले. खरं तर बरं वाटत होतं ते फक्त पेनकिलरमुळे. दुसरा एक्स-रे काढला तेव्हा शंकेला जागाच उरली नव्हती, ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. त्या पाच आठवड्यांचं मला अजून वाईट वाटतं. थांबलो याचं नाही, नुसतंच थांबलो याचं. काय दिसलं तर थांबायचं आणि काय दिसलं तर लगेच पुढे जायचं हे ठरवलंच नव्हतं आम्ही.

पाय काढला. त्या निर्णयाच्या रात्री मी आणि माझी बहीण, दोघी जमिनीवर तिच्या शेजारी झोपलो होतो. आणि तिसऱ्या दिवशी ती तीन पायांवर उठून दारात गेली, बाहेर कोण आलंय ते बघायला! आम्ही महिनाभर ज्या गोष्टीला घाबरत होतो ती तिच्या लेखी तीन दिवसांत संपली होती, कारण तो दुखरा पायच गेला होता. नंतर केमोचे चार डोस झाले, उलट्या एकदाच झाल्या, केस गळले नाहीत. १३ महिने मिळाले, त्यातले १२ खरंच चांगले होते. मग फुप्फुसात पसरला. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने आणि सोबत केमो केली तर दहा-बारा महिने असं आम्हाला सांगितलं होतं, त्यापेक्षा थोडं जास्तच मिळालं.

बंड्याला हेच असेल असं अजिबात नाही. पण असलं तरी ती रात्र जाते, एवढंच मला आतून माहीत आहे.

कुसळ:

आमची गोष्ट उलटी आहे. गावठी कुत्रा, सहा वर्षांचा, मागचा पाय घोट्याजवळ सुजून टम्म. एक्स-रेत हाडाच्या वरचं आवरण जाड झालेलं दिसलं आणि आम्हालाही गाठीची शक्यता सांगितली. आठ दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. नंतर एकांनी सोनोग्राफी करायला सांगितली, त्यात आत पूची पिशवी आणि मधे बारीक काडीसारखं काहीतरी दिसलं. उघडल्यावर गवताचं कुसळ निघालं, बोटांच्या बेचक्यातून शिरून वर सरकत गेलेलं. ही कुसळं एक्स-रेत दिसतच नाहीत. अँटिबायोटिक घेतलं की सूज उतरायची, बंद केलं की परत यायची, तो खेळ आधी दोनदा झाला होता.

म्हणून विचारते, बंड्याची सोनोग्राफी झालीय का? बोटांमधे कुठे बारीक भोक, चाटून लाल झालेली जागा? तुमच्याकडे हाडच पोखरल्यासारखं दिसतंय म्हणजे प्रकरण वेगळं असू शकतं, मला उगाच आशा दाखवायची नाही. पण बघून घ्या.

दवाखान्यातला:

मी व्हेट आहे. बंड्याला पाहिलेलं नाही, फिल्म पाहिलेली नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल असं थोडं लिहितो.

पहिलं म्हणजे सूज मऊ आहे की कडक. बोटाने दहा सेकंद हलकं दाबून ठेवलं आणि खळगा तसाच राहिला तर ते पाणी आहे. एकाच पायात असेल तर इन्फेक्शन, लिंफची वाट अडणं, साप-विंचू चावणं, आवळलेलं बँडेज. दोन किंवा चारही पायांना असेल तर विचार पायाचा नाही, अंगाचा करायचा, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, किडनी, लिव्हर, हृदय. छातीत मोठी गाठ असली तरी कधी कधी चारही पायांची हाडं जाड होतात, पाय दुखतो आणि आजार छातीत असतो. तुमच्या वर्णनावरून सूज कडक आणि हाडाचीच वाटतेय, पण बघा.

प्लेटलेट्स कमी आहेत म्हणालात. गोचीड ताप, म्हणजे एर्लिकियाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. त्यात सांधे सुजतात, कुत्रा लंगडतो, डॉक्सीसायक्लिनचा साधारण २८ दिवसांचा कोर्स असतो. हाड मात्र त्याने पोखरलं जात नाही, त्यामुळे ती टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी एक्स-रेचा प्रश्न सुटला असं समजू नका, दोन्ही एकाच वेळी असू शकतात. बायोप्सीच्या आधी प्लेटलेट्स किती आहेत हे कळणं तसंही गरजेचं आहे, रक्त थांबायला हवं.

आता एक्स-रे. मोठ्या जातीचा, वय झालेला कुत्रा आणि मनगटाच्या वरची जागा, यावरून कोणताही डॉक्टर कॅन्सरचा विचार आधी करणार, त्यांनी तुम्हाला घाबरवलं नाही. ऑस्टिओसार्कोमा पुढच्या पायात मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ जास्त दिसतो, कोपराजवळ कमी. पण बॅक्टेरियाचं आणि बुरशीचं इन्फेक्शन फिल्मवर हुबेहूब तसंच दिसू शकतं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं नाही ते योग्यच केलं. हाडाचा कॅन्सर बहुधा सांधा ओलांडत नाही, तेव्हा सांध्याच्या दोन्ही बाजूंची हाडं बिघडलीत का एवढं नक्की विचारा.

बायोप्सी करायची ठरली तर त्याच भुलेत छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढून घ्या, आणि नमुना दोन ठिकाणी पाठवायला सांगा, एक पॅथॉलॉजीला, एक कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, कल्चरमधे बुरशीपण. चालू अँटिबायोटिकमुळे कल्चर फसू शकतं, ते आधी काही दिवस थांबवायचं का ते डॉक्टरांना विचारा, मनाने थांबवू नका. नमुना गाठीच्या मधून घेतलेला बरा, कडेचा घेतला तर नुसतं हाड प्रतिक्रिया देतंय एवढाच रिपोर्ट येतो आणि तुम्ही पुन्हा तिथेच. कमकुवत हाड बायोप्सीनंतर मोडण्याचा थोडा धोका असतो, तोही विचारून घ्या.

आणि थांबायचं ठरलं तरी आजपासून उड्या बंद, जिना बंद, बॉल बंद. पोखरलेलं हाड साध्या उडीने मोडतं. अचानक पाय टेकवेनासा झाला, किंकाळी फोडली, किंवा शांत झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या वर जायला लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

संथ:

मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला १४ वं चालू होतं, हृदयाचं औषध चालू होतं, आणि पायाला अशीच गाठ. आम्ही बायोप्सी केली नाही. डॉक्टरांनी विचारलं की रिपोर्ट काहीही आला तरी तुम्ही पाय काढणार आहात का, केमो करणार आहात का. दोन्हीला आमचं उत्तर नाही होतं. मग त्या रिपोर्टचं आम्ही काय करणार होतो? दुखणं कमी ठेवलं, घरभर चटया टाकल्या. तीन महिने राहिला आणि ज्या दिवशी पेनकिलर वाढवूनही रात्रभर धापा टाकत राहिला त्या दिवशी आम्ही त्याला जाऊ दिलं. नाव शेवटपर्यंत कळलं नाही त्या आजाराचं. मला त्याची रुखरुख नाही.

बंड्या नऊचा आहे आणि बाकी तब्येत चांगली आहे, त्यामुळे तुमचं उत्तर वेगळं असेल. पण तुम्ही आणि तुमचे मिस्टर आधी त्या एका प्रश्नावर बोला. बायोप्सी करायची का यावर नको, रिपोर्ट आल्यावर काय करणार यावर.

रात्रपाळी:

संथ यांनी लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे.

आणि मुलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. माझी मुलगी दहाची होती. आम्हीही होईल बरी, होईल बरी म्हणत राहिलो आणि तिला सगळं कळत होतं, ती फक्त आम्हाला बरं वाटावं म्हणून विचारायची. एकदा सरळ सांगितलं की आम्हालाच माहीत नाहीये, डॉक्टर शोधतायत, कळलं की तुला सर्वात आधी सांगू. ती रडली, पण त्या रात्री शांत झोपली. नंतर घेर मोजायचं काम तिनेच घेतलं.

बंड्याची आई:

तुम्हा सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला दिलं. संथ यांचा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला आणि मला धक्काच बसला, कारण तो म्हणाला कॅन्सर असेल तर पाय काढू, बंड्या तीन पायांवर राहील. मी समजत होते त्याला काही करायचंच नाहीये. तो बायोप्सीला घाबरत नव्हता, भूल दिल्यावर बंड्या उठला नाही तर याला घाबरत होता. १९ दिवस एका घरात राहून हे बोललोच नव्हतो आम्ही.

कुसळ, सोनोग्राफी काल झाली, पू नाही, काडी नाही. सूज दाबून बघितली, कडकच आहे, खळगा पडत नाही, बाकी तिन्ही पाय ठीक. सांध्याच्या एकाच बाजूचं हाड बिघडलंय. ते ऐकून पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. गोचीड तापाची टेस्ट निगेटिव्ह आली, प्लेटलेट्स पुन्हा मोजल्या त्या आता नॉर्मल आहेत. अँटिबायोटिक डॉक्टरांनीच थांबवलंय. भुलेबद्दल त्यांनी हृदय तपासून मग अर्धा तास समजावून सांगितलं, तेव्हा नवऱ्याचा चेहरा जरा सैल झाला.

गुरुवारी बायोप्सी आहे, त्याच भुलेत छातीचे तीन एक्स-रे. हाड आधी मऊ करून मग कापावं लागतं म्हणून रिपोर्टला आठ-दहा दिवस तरी लागतील म्हणाले. म्हणजे अजून तेवढे दिवस हेच. पण आधीसारखं नाही वाटत, आता निदान आपण कशाची वाट बघतोय ते माहीत आहे.

मुलाला काल सांगितलं. तो काही बोलला नाही, उठला आणि बॉल कपाटात वरच्या खणात ठेवून आला, बंड्याला दिसू नये म्हणून. मग टेप शोधून आणली. घेर २१ सेंटिमीटर, वहीत त्याच्या अक्षरात लिहिलाय.

तीनपायी:

गुरुवारी सोबत त्याची रोजची चादर न्या, शुद्धीवर येताना ओळखीचा वास असला की कमी घाबरतात. रात्री थोडा कण्हेल, धडपडेल, ते बहुतेक भुलेचं असतं, पण शंका आली तर डॉक्टरांना फोन करा, संकोच करू नका. रिपोर्ट काहीही येवो, इथे लिहा. मी रोज बघते.