उत्तर: आईचा क्लेम, 'तीन दिवस' की २४ तास?

प्रसाद:
मंडळी, आई काल घरी आली. डबे पाठवणाऱ्या सगळ्यांचे आभार. (मेधाताई, तुमची खिचडी दोनदा मागून खाल्ली.) आता पॉलिसीचा घोळ. जुनं दुखणं (आईचं हार्ट फेल्युअर) व्हिजिटर इन्शुरन्समध्ये, म्हणजे अमेरिकेत पाहुणे आलेल्यांच्या विम्यात, धरत नाहीत, पण ते अचानक उसळलं आणि २४ तासांत उपचार घेतले तर धरतात. गुरुवारी रात्री आईला आडवं होता येईना, धाप लागली, तासाभरात आम्ही इमर्जन्सीत. नर्सने विचारलं, पाय कधीपासून सुजलेत? मी शहाण्यासारखं सांगितलं, तीन दिवस. आता कंपनी तेवढंच धरून बसलीय. शिवाय पुण्याचे जुने कागद मागतायत आणि त्यात लॅसिक्स (अंगातलं पाणी काढायची गोळी) लिहिलेली आहे, म्हणजे दुखणं जुनं हे उघडच. पाठवू का? चार रात्रींचं बिल ४१ हजार डॉलर. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

श्रीकांत:
कागद अजिबात देऊ नकोस. आणि डॉक्टरला सांगून ते 'तीन दिवस' खोडून घे.

मेधा:
श्रीकांत, काहीतरीच काय! चार्टमधलं असं खोडता येत नाही. खाली वेगळी नोंद जोडता येते, तीही खरी असेल तरच. चौदा वर्षं बिलिंगमध्ये काढलीत म्हणून सांगते. प्रसाद, सूज तीन दिवसांची आणि धाप त्या रात्रीची, दोन्ही खरंच आहे ना? मग डॉक्टरांकडून तेवढंच पत्र घे. कागद दिले नाहीस तर क्लेम नुसता लोंबकळत राहील. आणि आईंचं लोणचं-पापड बंद कर, मिठाने पाणी साचतं.

अण्णा:
गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मी दोन रात्री होतो. तोच पलंग, तोच मागून उघडा गाऊन, पण कागदावर मी 'ऑब्झर्वेशन'मध्ये! म्हणजे भरती नाहीच. मेडिकेअरचा (इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा) पार्ट ए, म्हणजे भरतीचा भाग, लागला नाही, सगळं बाह्यरुग्णांच्या पार्ट बी मधून, आणि प्रत्येक गोष्टीत माझा वाटा निराळा. भरती दाखवली असती तर १,६७६ डॉलरचं डिडक्टिबल (आधी आपण भरायची रक्कम) एकदाच भरून हॉस्पिटलच्या बिलातून सुटलो असतो. घरी येऊन ६० दिवस व्हायच्या आत परत भरती झालो असतो तरी ते पुन्हा लागलं नसतं. हार्ट फेल्युअरमध्ये बऱ्याचदा परत जावं लागतं, म्हणून लिहितोय.

श्रीकांत:
अण्णा, प्रसादच्या आईला मेडिकेअर कुठून? व्हिजिटर आहेत त्या.

अण्णा:
ते मला कळतं. माहितीसाठी लिहिलं. ग्रीन कार्ड काढलं तरी आधी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं, मगच मेडिकेअर विकत घेता येतं. हेही लिहून ठेव.

वैशाली:
सासऱ्यांच्या वेळी आम्ही स्वस्तातली फिक्स्ड बेनिफिट घेतली होती. खोलीचे दिवसाला ठरलेले पैसे मिळाले, बाकी सगळं आमच्या बोडक्यावर. हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट असेल तर आर्थिक मदतीचा फॉर्म माग. तशी योजना त्यांना कायद्यानेच ठेवावी लागते, आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज घ्यावाच लागतो. व्हिजिटरला चालतं का ते आधी विचार, प्रत्येकाचे नियम वेगळे. तोवर क्रेडिट कार्डावर काही भरू नकोस. आमचं तिथेच चुकलं.

सचिव:
असे विषय ज्येष्ठ समितीकडे पाठवायचे असं ठरलं होतं. आणि संक्रांतीच्या हॉलच्या डिपॉझिटबद्दल अजून एकाचंही उत्तर नाही.

मेधा:
ज्येष्ठ समिती शेवटची कधी बसली होती? राहू दे इथेच.

प्रसाद:
डॉक्टरांच्या ऑफिसला पत्रासाठी लिहिलंय. मामा पुण्याहून फायलीचे फोटो पाठवतोय, अर्धी पानं उलटी आलीत. सगळी पाठवणार आहे, लॅसिक्सचं पानसुद्धा. लोणच्याची बरणी गॅरेजमध्ये लपवली होती. आज सकाळी झाकण सैल होतं. हॉलचे माझे पन्नास धरा.