शब्दचर्चा: विकतच मिळत नाही ते उतरवून घेतलं, तर ती 'चोरी' का?

पाटीपेन्सिल
आईला लग्नात मिळालेलं पाककृतींचं एक पुस्तक होतं. आमचं घर तळमजल्यावर, त्यामुळे २६ जुलै २००५ च्या पुरात ते गेलं. प्रकाशकांना फोन केला, तर "आवृत्ती कधीच संपली, नवी काढायचा विचार नाही." ई-बुक नाही. अप्पा बळवंत चौकात दोन चकरा झाल्या, रद्दीवाले झाले. शेवटी डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या स्कॅनांमध्ये सापडलं. पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि खांडवीच्या पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. गुळाचं प्रमाण नेमकं अंगठ्याखाली.

उतरवून घेतलं, तर शेजारी बसलेला आठवीतला भाचा म्हणतो, "मावशी, ही चोरी ना?" मी 'नाही' म्हणून मोकळी झाले. "मग काय?" म्हणाला, तेव्हा मात्र शब्द सापडेना. 'डाउनलोड' म्हटलं की त्यात ना गुन्हा ना पाप, सगळंच धुऊन निघतं. मराठीत याला नेमकं काय म्हणायचं?

जुळारी
चोरी म्हणजे एकाकडचं जाऊन दुसऱ्याकडे येणं. माझी सायकल गेली की मी पायी. तुम्ही फाइल घेतलीत, कुणी पायी झालं नाही.

पण 'चोर' हा शब्द मराठीत फार पसरलेला आहे. अंग चोरणे, चोरकप्पा, चोरपावलं, क्रिकेटमधली चोरटी धाव. यात कुणाचं काही जात नाही, फक्त लपवाछपवी असते. लहानपणी मी भूगोलाच्या पुस्तकात घालून रहस्यकथा चोरून वाचायचो. पुस्तक घरचंच, वडिलांनी पैसे मोजून आणलेलं. तेव्हा 'चोरून' वेगळं आणि 'चोरी' वेगळी. तुम्ही तर भाच्याच्या देखत घेतलंत, म्हणजे चोरूनसुद्धा नाही.

काळा कोट
कायद्याच्या भाषेत जुळारी बरोबर आहेत. न्याय संहितेचं ३०३ कलम (जुन्या दंडसंहितेचं ३७८) म्हणतं की जंगम मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यातून, संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी. फाइल हलत नाही, एकीच्या दोन होतात. म्हणून १९५७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा इथे 'भंग' म्हणतो. वचनभंग, शांतताभंग, तसा प्रताधिकारभंग. अमेरिकेतही १९८५ साली एल्व्हिस प्रेस्लीच्या विनापरवाना तबकड्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला होता.

मात्र चोरी नाही म्हणजे काहीच नाही, असं समजू नका. जाणूनबुजून केलेल्या भंगाला ६३ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लेखिका कधी वारल्या? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, ते २०११ पासून सगळ्यांचे झाले. अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडायला हवं. पुस्तक मिळतं की नाही याने या हिशेबात काही फरक पडत नाही. मालकच पुन्हा छापायला नकार देत असेल, तर ३१ कलमाखाली सक्तीचा परवाना मागायची सोय आहे, पण ती छापणाऱ्यासाठी. खांडवी करायची म्हणून कोर्टात कोण जाणार?

पाटीपेन्सिल
लेखिकेचं नाव 'सौ.' लावून आद्याक्षरात आहे. हयात आहेत का, वारस कोण, प्रकाशकांनाही ठाऊक नाही.

जुनी पानं
मी ग्रंथालयात आयुष्य काढलं, त्यामुळे मला ही पळवाट पटत नाही. 'वस्तू गेली नाही म्हणून चोरी नाही'? मग वीजचोरी काय असते? तारेवर आकडा टाकणाऱ्याने कुठली वस्तू उचलून नेली? तरी २००३ च्या विद्युत कायद्याचं १३५ कलम त्याला सरळ चोरीच म्हणतं.

आणि त्याहून जुनं हवं असेल तर जैनांचं तत्त्वार्थसूत्र घ्या. 'अदत्तादानं स्तेयम्'. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. बाजारात मिळतं का, मालकाचं नुकसान झालं का, काही विचारलेलं नाही. दिलं होतं का? नाही. संपलं.

जुळारी
आकड्यावर जळलेली वीज पुन्हा तयार करावी लागते हो. पुस्तकाचं तसं नाही. सूत्राला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

ओसरी
मग वाङ्मयचौर्य? तेही नक्कलच की.

जुळारी
तिथे नाव जातं. मूळ लेखकाचं काढून स्वतःचं लावलं, म्हणजे एकाकडचं जाऊन दुसऱ्याकडे आलं. तिथे 'चौर्य' चपखल आहे. बोलताना आपण 'ढापली' म्हणतो, तेही बरोबर.

पाटीपेन्सिल
स्वयंपाक करता करता एक सुचलं. कर आपण चोरत नाही, चुकवतो किंवा बुडवतो. 'करचोरी' हल्ली वर्तमानपत्रात दिसतं, पण ते हिंदीतून आलंय. रेल्वेच्या बातम्यांत 'फुकटे प्रवासी' असतात, 'प्रवासचोर' नसतात. म्हणजे आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत. दुसऱ्याचं असलेलं नेणं ते चोरणं, आणि आपण देणं लागतो ते न देणं ते बुडवणं. नवा चित्रपट पहिल्याच आठवड्यात टेलिग्रामवरून उतरवला की तिकीट बुडवलं. भाच्याला हे लगेच पटेल, कारण तो ते करतो.

पण माझ्या पुस्तकाचं मी काय बुडवलं? पैसे हातात घेऊन फिरत होते, घ्यायला कुणी नाही.

शाईचे डाग
दुसऱ्या बाजूने बोलते. माझ्या एका पुस्तकाची आवृत्ती संपली आहे आणि त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. कुणीतरी पानं तिरकी धरून फोटो काढलेत, मागे त्याच्या घरची सतरंजी दिसते. लोक म्हणतात, मिळत नव्हतं म्हणून. प्रकाशक म्हणतात, पीडीएफ फिरतेय म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून नवी आवृत्ती नाही. 'उपलब्ध नाही' हे कायमचं सत्य असल्यासारखं बोलू नका, ते कधीकधी असं तयार होतं.

पैशाचं म्हणाल, तर स्वामित्वधन येत होतं तेव्हाही त्यात महिन्याचा किराणा झाला नसता. राग त्याचा नाही. माझा पत्ता पुस्तकाच्या चौथ्या पानावर छापलेला आहे. एकाने विचारलं असतं तर मी 'खुशाल वाटा' म्हटलं असतं. कुणी विचारलं नाही.

याला शब्द आहे. परस्पर. मूळ अर्थ एकमेकांत, पण घरात आपण तो कसा वापरतो बघा. "माझ्याशी न बोलता परस्पर ठरवलंस?" "भावाने जमीन परस्पर विकली." "पाहुणे परस्पर स्टेशनवर गेले." ज्याच्या दारावरून जायचं त्याला वगळून जाणं. यात वस्तू गेली पाहिजे असं नाही, पैसे बुडाले पाहिजेत असंही नाही. मान मात्र जातो. माझं पुस्तक चोरलं नाही, परस्पर वाटलं.

सातासमुद्रापार
वा! इकडे न्यू जर्सीत मराठी चित्रपट लावला की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' अशी पाटी येते. कार्ड हातात, वर्गणी भरलेली, आणि पाटी. त्या रात्री मी जे केलं त्याला इतकी वर्षं नाव नव्हतं.

पण हा शब्द उलटाही लावा. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलवरून काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरं, पैसेही परत केले, पण विचारलं नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-बुकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही पैसे परत देऊन गेली. त्या लोकांनी पुस्तकं 'विकत घेतली' होती ना? कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे की मिळतो तो फक्त परवाना असेल, तर ग्राहकाला तसं स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' म्हणायचं नाही. म्हणजे 'चोरी'च्या आधी 'खरेदी'वर शब्दचर्चा हवी होती.

शाईचे डाग
मान्य. त्यांनीही परस्परच नेली.

जुनी पानं
'परस्पर' छान आहे, पण ते चोरीचं मवाळ नाव आहे. भावाने जमीन परस्पर विकली की आपण कोर्टातच जातो.

असो. पाटीपेन्सिल, तुम्ही वर्णन केलंत ते पुस्तक बहुधा माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणी, 'सौ.' आणि आद्याक्षरं, वर जांभळा शिक्का. १९९१ साली घरी आणलं होतं. पुढे ते वाचनालय बंद पडलं आणि राहून गेलं.

जुळारी
राहून गेलं!

जुनी पानं
हो, राहून गेलं. हसा. फोटो पाठवणार नाही, आत्ताच इतकं बोलून बसले आहे. गूळ तेवढा सांगितला तर चालेल का?

काळा कोट
बिनधास्त सांगा. प्रताधिकार लेखिकेच्या शब्दांवर आणि मांडणीवर असतो, गुळाच्या मापावर नसतो.

जुनी पानं
एक वाटी तांदळाच्या रव्याला पाऊण वाटी. पुस्तकात नुसता वेलदोडा आहे, तुम्ही आलंही किसून घाला.